श्वासाची सोंड : झोपेच्या मशिनचा इतिहास



आज मी बचतीवर किंवा कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही. आज एका मशिनबद्दल बोलायचं आहे. हे मशिन उशाशी ठेवतात. त्याला एक लांब नळी असते, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क असतो, आणि ते रात्रभर हवा फुंकत राहतं. डॉक्टर त्याला सीपॅप म्हणतात. आमच्या गटातल्या एक काकू त्याला सोंड म्हणतात. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, त्यामुळे कोणतीही नवी वस्तू समोर आली की ही आली कुठून, कुणी केली, हे शोधायची मला खोड आहे. या सोंडेचा इतिहास शोधता शोधता मला माझीच एक चूक नीट कळली. म्हणून हे भाषण.

काकूंनी हे सगळं सांगायला परवानगी दिली आहे. फक्त ‘नाव घेऊ नको’ म्हणाल्या.

काकू आमच्या एका गटाच्या कोषाध्यक्ष. वय बावन्न. दहा वर्षं त्यांच्या हिशेबात एका रुपयाचा फरक आला नव्हता. मग वहीत खाडाखोड दिसायला लागली. एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडायचा. एकदा 1,200 रुपयांची जमा लिहायचीच राहून गेली. मासिक बैठकीत काकू भिंतीला टेकून डुलक्या घ्यायच्या. सकाळी डोकं ठणकतं म्हणायच्या. बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हणाली, ‘पैसा हातात आला की माणूस बदलतो.’ कोषाध्यक्ष बदलायचा विषय बैठकीत निघाला. आणि मी, समन्वयक म्हणून, माझ्या अहवालात एक शब्द लिहिला : निष्काळजीपणा. तो शब्द माझ्याच अक्षरात आजही त्या फायलीत आहे.

उलगडा केला तो काकूंच्या सुनेनं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, आत्या चोर नाहीत. आत्यांना झोपच लागत नाही.’ मी म्हटलं, ‘अगं, त्या तर बसल्या जागी झोपतात.’ ती म्हणाली, ‘तेच सांगते. रात्री घोरत घोरत एकदम गप्प होतात. मी अंधारात पडून मोजते. एक, दोन, तीन, चार... वीस मोजून झाले तरी श्वास नाही. मग खर्रकन ओढतात, कूस बदलतात, आणि पुन्हा तेच. मला भीती वाटते, एखाद्या रात्री मोजतच राहीन.’

तालुक्याच्या डॉक्टरांनी काकूंना झोपेच्या तपासणीला पाठवलं. अंगाला तारा लावून एक रात्र झोपायचं, एवढीच ती तपासणी. अहवाल आला : तासाला सरासरी 41 वेळा श्वास अडतो. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला तरच तो मोजतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसाच्या वर म्हणजे तीव्र. या आजाराला स्लीप अॅप्निया म्हणतात.

होतं काय, तर झोपेत आपल्या घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा मुळातच अरुंद असतो, काहींच्या मानेवर चरबी वाढलेली असते, काहींचा जबडा मागे असतो. मग जीभ आणि घशाचा मऊ भाग एकमेकांना चिकटतो आणि वाट बंद होते. छाती हवा ओढायचा प्रयत्न करत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठ्यानं श्वास येतो. माणसाला या जागं होण्याची आठवणही राहत नाही. सकाळी तो म्हणतो, ‘आठ तास झोपलो.’ शरीर म्हणतं, ‘एक तासही सलग झोपलो नाही.’

आता आपण मागे जाऊ.

घोरणारा माणूस सुखात आहे, अशी समजूत सगळीकडे होती. आपल्याकडे कुंभकर्णाच्या नावानं हसतात, तसं तिकडे इंग्लंडमध्ये एका जाड पोराला हसत. चार्ल्स डिकन्स या लेखकाची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी 1836 पासून दर महिन्याला हप्त्याहप्त्यानं छापून येत होती. तिच्यात ज्यो नावाचा एक जाडजूड नोकर पोरगा आहे. तो कामाला उभ्या उभ्या झोपतो, दार ठोठावता ठोठावता झोपतो, घोरतो. वाचकांनी त्याला विनोद म्हणून घेतलं. हे पोर आजारी असेल, असं फार थोड्यांना वाटलं.

1956 मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. तो गृहस्थ आठवड्याला पत्ते खेळायला जायचा. एकदा हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे हमखास जिंकायची पानं आली, आणि पानं हातात धरूनच त्याला झोप लागली. डाव गेला. तेव्हा तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांना डिकन्सचा ज्यो आठवला आणि त्यांनी या आजाराला पिकविकचं नाव दिलं. मात्र त्यांचं सगळं लक्ष त्याच्या वजनाकडे होतं. रात्री झोपेत त्याचा श्वास कसा चालतो, हे कुणी पाहिलं नाही.

हे वाचताना मला काकूंची वही आठवली. हातात पानं असताना डाव जातो आणि हातात पेन असताना नोंद राहते, दोन्हीचं कारण एकच.

झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून रात्रभर नोंद घेणारे लोक 1965 मध्ये आले. फ्रान्समधल्या मार्से शहरात आंरी गास्तो आणि त्यांचे सहकारी, आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये युंग आणि कुहलो, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांच्या झोपेचे आलेख काढले. त्यांत श्वास पुन्हा पुन्हा थांबताना दिसला. पुढे इटलीत बोलोन्या इथे एलिओ लुगारेसी यांनी घोरण्याचा आणि या आजाराचा संबंध वर्षानुवर्षं तपासला. 1976 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्तियाँ गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी आज वापरतो ते नाव रूढ केलं. थोडक्यात, आमच्या गावातल्या सुनेनं अंधारात बोटांवर मोजून जे ओळखलं, ते शास्त्राच्या वहीत चढून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

आजार कळला, पण उपाय? 1969 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक उपाय केला. घशात वाट बंद होते ना, मग घशाच्या खाली, श्वासनळीलाच भोक पाडायचं आणि त्यात नळी बसवायची. दिवसा बूच लावून बोलायचं, रात्री उघडून झोपायचं. उपाय लागू पडायचा. माणसं वाचायची, ताजीतवानी व्हायची. पण गळ्यात कायमचं भोक घेऊन जगायचं. पुढची दहा-बारा वर्षं तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय हाच होता. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

आता या गोष्टीत दोन वस्तू येतात : एक तान्हं बाळ आणि एक धूळ ओढायचं मशिन.

आधी धुळीचं मशिन. 1936 मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातले डॉक्टर पोल्टन यांनी छातीत पाणी भरलेल्या हृदयरुग्णांना मास्कमधून थोड्या दाबाची हवा दिली. ती हवा फुंकायला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. धूळ ओढणारी मोटर उलट वापरली की हवा फुंकते, एवढं साधं.

मग बाळ. दिवस पूर्ण भरायच्या आत जन्मलेल्या बाळांची फुफ्फुसं कच्ची असतात. श्वास सोडला की त्यांतले बारीक फुगे मिटून जातात आणि पुन्हा उघडायला बाळाला जीव खाऊन ओढावं लागतं. 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं बाळ असंच साडेपाच आठवडे आधी जन्मलं आणि दोन दिवसांत गेलं. राष्ट्राध्यक्षाच्या बाळालाही तेव्हा उपाय नव्हता. 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॉर्ज ग्रेगरी यांनी अशा 20 बाळांना सतत थोड्या दाबाखाली हवा दिली, म्हणजे फुगे मिटणारच नाहीत. वीसपैकी 16 बाळं जगली. आज आपल्याकडेही अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात कक्षांत नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे सोडणारा सीपॅप दिसतो. आपल्यापैकी एखादीचं नातवंड त्यावर राहिलंही असेल.

या दाबाची कल्पना घरच्या घरी येऊ शकते. एका उंच पेल्यात दहा सेंटीमीटर, म्हणजे साधारण चार बोटांहून थोडं जास्त पाणी घ्या. सरबताची नळी तळापर्यंत घाला आणि फुंका. बुडबुडे यायला जेवढा जोर लागतो, तो झाला दहा सेंटीमीटर पाण्याचा दाब. चुलीला फुंकणीनं फुंकणाऱ्या बाईला हा दाब काहीच नाही. पण तेवढाच दाब झोपेत घसा उघडा ठेवायला पुष्कळ होतो.

हे ओळखलं ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी. कॅनडात त्यांनी झोपेतल्या श्वासावर काम केलं होतं आणि परत येऊन ते सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात अभ्यास करत होते. त्यांचा विचार असा : घसा ही सैल भिंतींची वाट आहे. आतून हवेचा हलका दाब सतत ठेवला, तर भिंती एकमेकांना चिकटणार नाहीत. मोडक्या हाडाला बाहेरून पट्टी बांधतात, तशी ही आतून हवेची पट्टी. जून 1980 मध्ये त्यांच्याकडे एक रुग्ण होता. आजार तीव्र, गळ्याला भोक पाडण्याचा सल्ला मिळालेला, आणि त्याला ते नको होतं. एक रात्र हवा लावून झोपायला तो तयार झाला. मोटर व्हॅक्यूम क्लीनरची. दाब वाढवला की श्वास सुरळीत, दाब कमी केला की श्वास पुन्हा अडायचा. डॉक्टरांना तो आजार बटणासारखा बंद-चालू करता येत होता. तो माणूस रात्रभर झोपला.

18 एप्रिल 1981 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात सलिव्हन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पाच रुग्णांची हकीकत छापली. दाब साडेचार ते दहा सेंटीमीटर पाण्याचा. पाचही जणांचा घसा रात्रभर उघडा राहिला.

पण मैत्रिणींनो, एक रात्र दवाखान्यात झोपणं वेगळं आणि घरी रोज झोपणं वेगळं. त्या पहिल्या लोकांनी काय सोसलं ते ऐका. बाजारात तयार मास्क नव्हते. प्रत्येकाच्या नाकाचा साचा काढून त्याच्यासाठी वेगळा मास्क बनवायचा. हवा निसटू नये म्हणून तो रोज रात्री चेहऱ्याला अक्षरशः चिकटवायचा आणि रोज सकाळी सोलून काढायचा. मोटरचा आवाज घर दणाणून सोडणारा. तरीही ती माणसं रोज रात्री चेहऱ्याला तो मास्क चिकटवत राहिली, कारण बऱ्याच वर्षांनी त्यांना झोप मिळत होती.

1980 च्या दशकातच अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कंपन्यांनी ही मशिनं बनवायला घेतली. मोटर लहान आणि मुकी होत गेली. चिकटवायच्या मास्कऐवजी पट्ट्यांचे, मऊ काठाचे मास्क आले. हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची टाकी जोडली. झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून हळूहळू वाढवायची सोय आली. पुढे श्वास कसा चालला आहे ते ओळखून दाब आपोआप कमी-जास्त करणारी मशिनं आली. आज काकूंच्या उशाशी आहे ते मशिन शिवणकामाच्या डब्याएवढं आहे आणि त्याचा आवाज पंख्यापेक्षा कमी आहे.

इतकं सोपं झालं तरी लोक वापरतात का? 1993 मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी हा प्रश्न गमतीशीर पद्धतीनं सोडवला. त्यांनी 35 रुग्णांच्या मशिनमध्ये कुणाला न सांगता मीटर बसवला. निम्म्याहून जास्त लोक सांगत होते, ‘रोज लावतो.’ मीटर सांगत होता वेगळंच. आठवड्यातल्या बहुतेक रात्री किमान चार तास मशिन लावणारे फक्त 46 टक्के निघाले. मला यात आपला बचत गट दिसला. तोंडी ‘भरला’ म्हटलेला हप्ता आणि वहीत जमा झालेला हप्ता यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हापासून ‘रात्री चार तास’ हे माप डॉक्टरांच्या बोलण्यात रुजलं. पण चार तास म्हणजे पूर्ण झोप नव्हे. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, आणि पुष्कळ जणांचा, त्यातही बायकांचा श्वास त्याच वेळी जास्त अडतो. तीन वाजता मास्क काढून ठेवणारी बाई नेमका अवघड भाग विनामशिन झोपते.

मशिनकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही खरं सांगते. 2016 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. सात देशांतले 2,717 लोक त्यात होते आणि त्या सात देशांत भारतही होता. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या या लोकांत मशिनमुळे पुढचे झटके कमी झाले का, हे पाहिलं. तसं दिसलं नाही. पण ते लोक रात्री सरासरी तीन तास आणि वीस मिनिटांच्या आसपासच मशिन लावत होते. घोरणं, दिवसाची गुंगी, मनाची उदासी आणि कामावरचे खाडे मात्र कमी झाले. म्हणजे ही हवा अमृत नाही. ती घसा उघडा ठेवते. मास्क काढला की आजार तिथंच असतो, जसा चष्मा काढला की नंबर तिथंच असतो. वजन, रक्तदाब, साखर यांची काळजी वेगळी घ्यावीच लागते.

आता या इतिहासातला आपला भाग. यात बायका कुठे होत्या?

पुष्कळ वर्षं हा जाड, मध्यमवयीन पुरुषांचा आजार समजला जायचा. दवाखान्यात आठ-आठ पुरुषांमागे एखादी बाई दिसायची. 1993 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात टेरी यंग या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दवाखान्यात येणाऱ्यांऐवजी नोकरीवर जाणाऱ्या साध्या लोकांची झोप तपासली. 30 ते 60 वयाचे 602 जण. झोपेत श्वास अडण्याचा त्रास 24 टक्के पुरुषांत निघाला, आणि 9 टक्के बायकांत. म्हणजे वस्तीत दोन-तीन पुरुषांमागे एक बाई आणि दवाखान्यात आठांमागे एक. मधल्या बायका कुठे गेल्या? त्या घरीच होत्या. थकवा म्हणून, डोकेदुखी म्हणून, निद्रानाश म्हणून, ‘मन लागत नाही’ म्हणून गोळ्या घेत होत्या. बाई पुरुषासारखं दणदणीत घोरेलच असं नाही. घोरली तरी लाजेनं सांगत नाही. आणि पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांत वाढतो, नेमकं त्याच वयात आपण म्हणतो, ‘वयच झालं आता.’

आपल्या मुंबईतही 2004 मध्ये डॉक्टर झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास छापला. नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या 658 जणांना प्रश्न विचारले आणि त्यांतल्या 250 जणांची झोप घरी तपासली. साडेसात टक्के लोकांना दिवसाच्या गुंगीसह हा आजार असावा, असा अंदाज निघाला. मोलाचं काम होतं ते. पण ते 658 जण सगळे पुरुष होते.

मी हे वाचलं आणि माझी फाईल उघडली. निष्काळजीपणा. बाई झोपते म्हणजे आळशी, बाई विसरते म्हणजे निष्काळजी, बाईच्या वहीत फरक म्हणजे खोट. डिकन्सच्या पोराला लोक हसले. आम्ही काकूंवर संशय घेतला.

मशिनचा खर्च मास्क धरून 38,000 रुपये येत होता. काकूंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. बैठक तापली. एक जण म्हणाली, ‘म्हशीला कर्ज देतो, शिलाई मशिनला देतो. हे मशिन काय कमावणार?’ दुसरी म्हणाली, ‘जिच्यावर संशय, तिलाच कर्ज?’ मी तेव्हा गप्प बसू शकले असते, समन्वयकानं मत द्यायचं नसतं. पण मी उभी राहिले आणि माझ्या अहवालातला तो शब्द वाचून दाखवला. मग तपासणीचा कागद वाचला. म्हटलं, ‘दर दीड मिनिटाला तुम्हाला कुणी गदागदा हलवलं, वर्षानुवर्षं, तर तुमची वही कशी होईल?’ नंतर आम्ही सगळ्यांनी बसून दोन वर्षांची वही पुन्हा लावली. दोन दिवस लागले. नोंदी चुकल्या होत्या, पण पैसा पूर्ण होता. राहिलेले 1,200 रुपये बँकेच्या पुस्तकात जमा होते, फक्त वहीत चढले नव्हते. कर्ज मंजूर झालं, दोघींच्या विरोधासह. इतिवृत्तात तो विरोधही लिहिला आहे.

मशिन आलं आणि तिसऱ्याच रात्री काकूंनी ते कपाटावर टाकलं. ‘ताई, जीव गुदमरतो. तोंड कोरडं पडतं. हे सोंड लावून झोपायचं म्हणजे माणसाचा गणपतीच की.’ नातू पहिल्या रात्री घाबरून रडला होता. मी त्यांना चिकटवायच्या मास्कची गोष्ट सांगितली. ‘रोज सकाळी सोलून काढायचे?’ त्यांनी दोनदा विचारलं. मग हसल्या. दुसऱ्या दिवशी कपाटावरून मशिन खाली आलं.

सवय कशी लागली, ते त्यांच्याच सांगण्यावरून सांगते. आधी दिवसा, टीव्हीवरची मालिका बघताना, अर्धा तास नुसता मास्क लावून बसल्या. मग हवा चालू करून. मग दुपारच्या पडण्याला. पट्ट्या आवळल्या की नाकावर वळ उठायचे आणि हवा उलट जास्त निसटायची. सैल केल्यावर बरं वाटलं. एकदा मास्कचं मापच चुकलं होतं, ते दुकानदाराकडून बदलून घेतलं. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची टाकी लावली. तिच्यात तंत्रज्ञानं सांगितल्याप्रमाणे औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणी घालतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं नाही. मास्क रोज सकाळी साध्या साबणानं धुतात. वीज जाते त्या रात्री अजून अडचण होते. त्यासाठी इन्व्हर्टरचा विचार चालू आहे. दाब मात्र स्वतःच्या मनानं कधी बदलला नाही, डॉक्टरांना विचारूनच.

नीट झोप लागायला जवळपास सहा आठवडे गेले. सुनेनं मोजणं कधी सोडलं, हे तिलाही आठवत नाही. नातू आता मशिनला हत्ती म्हणतो.

जुनं मशिन स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीला आतला फोम झिजतो म्हणून जगभरातली लाखो मशिनं परत मागवावी लागली होती. म्हणून कुठलं मॉडेल आहे ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. नवं घेण्याआधी महिनाभर भाड्यानं मिळतं का, तेही विचारा.

पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, चार प्रश्न एकमेकींना विचारा. रात्री घोरता घोरता तुझा श्वास थांबतो, असं घरच्या कुणी सांगितलंय का? पुरेसं झोपूनही सकाळी थकवा किंवा डोकेदुखी असते का? बसल्या जागी, एसटीत, बोलता बोलता डोळा लागतो का? रक्तदाब गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांना सांगायला लाजू नका. आणि सोबत घरातलं तेच माणूस न्या, ज्यानं अंधारात तुमचे श्वास मोजले आहेत. झोपणारीला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येत नाही.

काकू अजून कोषाध्यक्ष आहेत. कर्जाचे नऊ हप्ते फिटले, सगळे वेळेवर. माझ्या जुन्या अहवालातला तो शब्द मी खोडला नाही, कारण कागद खोडू नये, हे मीच बायकांना शिकवते. त्याच्या खाली तारीख घालून एक ओळ लिहिली आणि सही केली : ‘वरील शेरा चुकीचा होता. सदस्य आजारी होत्या. आम्ही विचारलं नाही.’